मासे संपण्याआधी झालेला करार

बेरिंग समुद्राच्या मधोमध खुल्या समुद्राचा एक तुकडा आहे. अमेरिका आणि रशिया यांच्या २०० सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्रांनी तो चहूबाजूंनी वेढलेला आहे, पण तो स्वतः कोणाच्याही हद्दीत येत नाही. मच्छीमार त्याला ‘डोनट होल’ म्हणतात. १९८० च्या दशकात जपान, दक्षिण कोरिया, पोलंड, चीन आणि सोव्हिएत संघाचे अजस्र ट्रॉलर, म्हणजे मोठे जाळे ओढत मासे पकडणारी जहाजे, पोलॉक माशासाठी तिथे उतरले. १९८९ या एका वर्षात सुमारे १४ लाख टन पोलॉक पकडला गेला आणि १९९२ मध्ये हाच आकडा १० हजार टनांच्या आसपास घसरला. त्यानंतर मासेमारी थांबवण्यात आली आणि १९९४ मध्ये सहा देशांनी एक करार केला. या साठ्याचे अंदाजित वजन १६ लाख ७० हजार टनांवर पोहोचेल तेव्हाच तिथे पुन्हा जाळे टाकायचे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तीन दशके उलटून गेली, तरी ती वेळ आलेली नाही.

सागरी जीवांच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय कायदा वाचताना मी पुन्हा पुन्हा या जागेपाशी येऊन थांबतो. करारात खोट काढावी असे फारसे काही नाही. मर्यादा आकड्यात दिलेली आहे, संबंधित देश सहभागी आहेत आणि बंदी पाळलीही गेली आहे. त्याला फक्त उशीर झाला. मासेमारीच्या कायद्याचा बहुतेक इतिहास हा असा उशिराचा इतिहास आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या उशिराचे कारण कायद्याच्या रचनेतच आहे. १९८२ च्या समुद्री कायदा कराराने किनारी देशांना २०० सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर हक्क दिले आणि त्याबरोबर साठा टिकवण्याची जबाबदारीही दिली. त्यापलीकडे मासेमारीचे स्वातंत्र्य कायम राहिले, मात्र संवर्धनासाठी एकमेकांशी सहकार्य करण्याचे बंधन सर्वांवर घातले गेले. हे सहकार्य प्रत्यक्षात घडते ते प्रादेशिक मत्स्यव्यवस्थापन संघटनांमधून, आणि या संघटना चालतात त्या देशांच्या संमतीवर. ठरलेला कोटा, म्हणजे किती मासे पकडायचे याची मर्यादा, मान्य नसेल तर मुदतीत हरकत नोंदवून त्यातून बाहेर राहण्याची मुभा अनेक ठिकाणी असते. जो देश सदस्यच नाही, त्याच्या जहाजांना तर पूर्वी कोणी विचारतही नव्हते. खुल्या समुद्रात जहाजावर अधिकार चालतो तो त्याच्या ध्वज-राष्ट्राचा, म्हणजे जिथे त्याची नोंदणी झाली त्या देशाचा, आणि नोंदणीची फी घेऊन पुढे काहीही न पाहणारी ध्वज-राष्ट्रे काही कमी नाहीत.

किनारी देशाच्या हाती सारी सूत्रे दिली की प्रश्न सुटतो, असेही नाही. कॅनडाच्या पूर्वेकडील न्यूफाउंडलँड बेटाजवळच्या कॉड माशाचा साठा बहुतांशी कॅनडाच्याच हद्दीत होता आणि तिथला कोटा कॅनडाचेच सरकार ठरवत होते. साठ्याचे अंदाज वर्षानुवर्षे वाजवीपेक्षा जास्त निघत राहिले, कोटेही त्याच मापाने ठेवले गेले आणि अखेर जुलै १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांची रोजीरोटी त्यात गेली. किनाऱ्यावरच्या लहान मच्छीमारांच्या जाळ्यात मासा कमी आणि लहान येऊ लागला होता आणि ते तसे सांगतही होते. त्यांचे म्हणणे वेळेवर ऐकले गेले नाही, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

मार्च १९९५ मधली घटना याच पार्श्वभूमीवर घडली. त्याच किनाऱ्यापासून सुमारे २४५ सागरी मैलांवर, म्हणजे आपल्या हद्दीबाहेर, कॅनडाच्या गस्ती जहाजांनी ‘एस्ताई’ हा स्पॅनिश ट्रॉलर इशाऱ्याच्या गोळ्या झाडून ताब्यात घेतला. त्याआधी युरोपीय संघाने तिथल्या प्रादेशिक संघटनेने ठरवलेल्या टर्बट माशाच्या कोट्याला हरकत घेतली होती, म्हणजे मुभा होती तिचाच वापर केला होता. ट्रॉलरवरच्या लोकांनी पाठलाग सुरू असताना जाळे कापून समुद्रात सोडले. कॅनडाने ते तळातून वर काढले, तेव्हा आत बारीक आसाचे, म्हणजे लहान छिद्रांचे, दुसरे जाळे आढळले. ज्या आसांतून कोवळा मासा निसटून जायला हवा, ती वाटच त्याने बंद केली होती. कॅनडाच्या मत्स्यमंत्र्यांनी ते जाळे न्यूयॉर्कला नेऊन जगाला दाखवले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९८ मध्ये आपल्याला अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगितले, त्यामुळे मूळ वादाचा निवाडा झालाच नाही. माझ्या मते कॅनडाची कृती कायद्यात बसणारी नव्हती; पण कायद्यातली फट तिने उघडी पाडली हेही तितकेच खरे आहे. ट्रॉलर पकडला त्याच वर्षी, ऑगस्ट १९९५ मध्ये, संयुक्त राष्ट्रांचा मत्स्यसाठा करार संमत झाला. संघटनेचे सदस्य व्हा किंवा तिचे नियम पाळा, नाहीतर त्या साठ्याला हात लावू नका, असे तो आपल्या पक्षराष्ट्रांना सांगतो. पुरेशी माहिती नाही हे कारण पुढे करून संवर्धनाचे उपाय लांबवता येणार नाहीत, हेही त्यात लिहिलेले आहे.

पुढे २००९ मध्ये बंदरांविषयीचा करार झाला आणि तो २०१६ पासून लागू आहे. बेकायदा मासेमारीचा संशय असलेल्या परदेशी जहाजाला बंदरात प्रवेश नाकारायचा, किंवा आत घेऊन तपासायचे आणि माल उतरवू द्यायचा नाही, एवढीच त्याची कल्पना. समुद्रात महिनोन्‌महिने नजर चुकवता येते, पण पकडलेला मासा कुठेतरी धक्क्यावर उतरवावाच लागतो. मला स्वतःला हा सगळ्यांत व्यवहार्य उपाय वाटतो, मात्र शेजारचे एक बंदर ढिले राहिले की जहाजे तिकडे वळतात.

आणि आता त्या कराराविषयी, ज्याच्यामुळे हे सारे लिहावेसे वाटले. उत्तर ध्रुवाभोवतालच्या मध्य आर्क्टिक महासागरात सुमारे २८ लाख चौरस किलोमीटरचा खुला समुद्र आहे. शतकानुशतके बर्फाखाली असल्यामुळे तिथे व्यापारी मासेमारी कधी झालीच नाही. बर्फ वितळू लागले आणि वाट मोकळी होण्याची चिन्हे दिसू लागली, तेव्हा पाच किनारी देशांबरोबर चीन, जपान, दक्षिण कोरिया, आइसलँड आणि युरोपीय संघ एकत्र बसले. ऑक्टोबर २०१८ मध्ये ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथे त्यांनी सह्या केल्या आणि जून २०२१ पासून करार लागू झाला. आधी संयुक्त संशोधन करायचे, तिथे कोणते मासे आहेत आणि किती आहेत हे समजून घ्यायचे, आणि व्यवस्थापनाची यंत्रणा उभी राहिल्याशिवाय व्यापारी मासेमारीला परवानगी द्यायची नाही. यातले काही देश डोनट होलमध्येही होते. तिथे काय झाले ते त्यांनी पाहिले होते, असे मी म्हटले तर ते चुकीचे ठरू नये.

जानेवारी २०२६ मध्ये खुल्या समुद्रातील जैवविविधतेचा नवा करार अमलात आला. राखीव सागरी क्षेत्रे घोषित करण्याची सोय त्यात आहे, पण तो राबवताना विद्यमान मत्स्यसंघटनांच्या अधिकारांना बाधा येऊ द्यायची नाही, अशी अटही आहे. त्यामुळे कोटे आणि जाळ्यांचे निर्णय यापुढेही त्याच संघटनांच्या बैठकांत होतील, आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी एका सदस्याचा नकारही प्रस्ताव रोखायला पुरेसा असतो. आर्क्टिकचा करारही सुरुवातीला १६ वर्षांचाच आहे. २०३७ मध्ये ही मुदत संपेल आणि कोणत्याही एका पक्षाने रीतसर हरकत घेतली, तर ती पुढे वाढणार नाही. तोवर त्या पाण्यातले संशोधन किती पुढे गेलेले असेल, यावर त्या वेळची चर्चा अवलंबून राहील. म्हणूनच संशोधनासाठी आज निधी आणि जहाजे देणे मला कोणत्याही नव्या ठरावापेक्षा तातडीचे वाटते.