तिसाव्या दिवशी आजी कशी आहे?

गेल्या आठवड्यात माझ्या मार्गदर्शक बाईंनी माझ्या तक्त्यातील एक चौकट कोरी करायला लावली. डेन्मार्कमधल्या एका लहानशा पालिकेत खुब्याचे हाड मोडल्यानंतर दगावलेल्या वृद्धांचा आकडा त्या चौकटीत होता. एवढ्या थोड्या माणसांचा आकडा सांख्यिकी खात्याच्या सर्व्हरबाहेर नेता येत नाही, कारण त्या गावातले लोक ती माणसे कोण हे सहज ओळखतील. मेलेल्या माणसाचीही इतकी अदब राखणारा नियम मी प्रथमच पाहिला.

इथल्या ओडेन्स शहरात मी पीएच.डी. करते ती आरोग्यसेवेचा दर्जा, तिचा वापर आणि तिचे फलित या विषयावर. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक माणसाला नागरिक क्रमांक आहे आणि १९७७ पासून रुग्णालयात दाखल होणाऱ्याची नोंद त्याच क्रमांकाखाली राष्ट्रीय नोंदवहीत होते. खुब्याच्या हाडासाठी तर २००३ पासून वेगळी नोंदवही आहे. शस्त्रक्रियेनंतर चोवीस तासांत आजीला पलंगावरून उठवले का, तीस दिवसांत तिला पुन्हा दाखल करावे लागले का, ती हयात आहे का, हे सगळे त्या नोंदवहीत सापडते. आम्हा संशोधकांना नाव दिसत नाही, दिसतो तो सांकेतिक क्रमांक. आणि आपली कागदपत्रे कोणी उघडून पाहिली, हे रुग्णाला घरबसल्या संगणकावर कळते. या शेवटच्या सोयीचे मला अजूनही अप्रूप वाटते.

आमच्या शिरोळच्या आत्याचे खुब्याचे ऑपरेशन कोल्हापुरात एका खासगी रुग्णालयात झाले आणि उत्तम झाले. तिची सगळी नोंद साडीच्या दुकानाच्या एका पिशवीत होती: केसपेपर, एक्स-रे, मेडिकलची बिले, डिस्चार्ज कार्ड. २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरले तेव्हा ती पिशवी कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. पाणी ओसरल्यावर एक्स-रे एकमेकांना चिकटलेले निघाले आणि कार्डावरची शाई पार धुऊन गेली होती. पुढे दुसरा पाय दुखू लागला, तेव्हा पहिल्या पायात नेमके काय बसवले आहे, हे डॉक्टरांना सांगायला कोणाकडे काही उरले नव्हते.

तरीही आपल्याकडे काहीच नाही, असे कोणी म्हटले की मला राग येतो. कोल्हापूरच्या राजारामपुरीत संध्याकाळी गेले की हाडाचा डॉक्टर त्याच दिवशी तपासतो; इथे आधी फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी घ्यावी लागते आणि मग तारखेची वाट पाहावी लागते. तिथल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात कोकणापासून सीमाभागापर्यंतचे रुग्ण येतात, आणि त्या गर्दीत काम करणाऱ्या परिचारिकांची बरोबरी करणे इथल्या कोणालाही जड जाईल. नातेवाईक डबा घेऊन उशाशी बसतात, तीही सेवाच आहे. फक्त ती कोणत्याही तक्त्यात येत नाही.

आरोग्यसेवेच्या दर्जाचे अभ्यासक अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये हा दर्जा तीन अंगांनी तपासायला सांगितले: साधनसामग्री, प्रत्यक्ष उपचाराची प्रक्रिया आणि फलित. आपण पहिल्या अंगापाशीच थांबतो. खाटा किती वाढल्या, एमआरआय कधी येणार, याच्या बातम्या होतात. घरी गेलेली आजी महिन्याभराने चालते का, हे मात्र कोणी विचारत नाही.

‘तिकडच्या म्हाताऱ्यांचा अभ्यास करून आपल्याला काय मिळणार?’ असे घरचे विचारतात. तीस दिवसांनंतरचा हिशेब कसा ठेवतात, हे जिथे तो ठेवला जातो तिथेच शिकता येते, म्हणून मी इथे आहे, आणि हे मला पूर्णपणे पटलेले आहे. आरोग्याच्या नोंदी एकत्र जोडणारा चौदा अंकी आभा क्रमांक आता आपल्याकडेही आहे, पण सगळी रुग्णालये त्याला जोडली जाईपर्यंत थांबायची गरज नाही. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पाहायला आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातात आणि तशी नोंद करतात. शिरोळ तालुक्यात खुब्याचे ऑपरेशन होऊन परतलेल्या वृद्धांसाठी तिसाव्या दिवशीची अशीच एक भेट, आशाताईंना तिचा वेगळा मोबदला देऊन, सुरू करता येईल का, याचा आराखडा मी प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात मांडणार आहे.