बटण सोडलं

आज गार्गी माझ्याशी बोलली नाही. म्हणजे सर पाणी, सर बॅटरी कुठे ठेवू, एवढं बोलली, पण बोलली नाही.

झालं इतकंच की सकाळी ती रिमोटवरचं छोटं विमान लँडिंगला आणत होती, त्याचं तोंड आमच्याकडे. तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं, चांगली अनुभवी माणसंही तिथे फसतात, म्हणून पहिल्या दिवसापासून पोरांकडून घोकून घेतलंय की जो पंख खाली दिसेल त्याच बाजूला स्टिक. पंख पडला. वीसेक फुटांवर असेल. आणि मी बटण सोडलं.

ट्रेनर केबलने दोन ट्रान्समीटर, म्हणजे शिकणाऱ्याचा आणि माझा रिमोट, जोडले की माझं बटण दाबलेलं असेपर्यंत विमान पोरांच्या हातात, सोडलं की माझ्या. आवाज नाही, काही नाही. मी पंख सरळ केला, थ्रॉटल शून्य, शेवटी जरासं नाक वर, विमान गवतावर घसरत थांबलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, गार्गीसाठी. तिने ट्रान्समीटर टेबलावर ठेवला आणि मलाच ऐकू येईल असं म्हणाली, सर, हे लँडिंग माझं नव्हतं.

दिवसभर मनात एकच, अरे वाचवलं ना मी विमान? दोन आठवडे पहाटे पाचला उठतोय, मे महिन्याचं ऊन, घसा बसलाय, हॉट ग्लूने बोटं भाजलीत, घरी माधवी विचारते कोणासाठी चाललंय हे सगळं. पडलं असतं तर पालकांना उत्तर कोणी दिलं असतं? आणि तरी अपराधी मीच. बाबाही असेच... जाऊ दे.

पण खरं सांगायचं तर मी तिचा अंगठा बघितला होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून. स्टिक बरोबर बाजूला गेली होती. पूर्ण, न घाबरता. फक्त तोवर विमान तिच्याकडे नव्हतं.

हे मला सकाळीच माहीत होतं.

रात्री बॅटऱ्या स्टोरेजला, म्हणजे ठेवून द्यायच्या चार्जवर, लावताना, सेलला 3.8 व्होल्ट होईपर्यंत बसावं लागतं, तिचं विमान हातात घेतलं. दोन बोटांवर तोललं, पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर, अगदी समतोल. शेपूट जड होत होती तर तिने नाकात दोन रुपयांचं नाणं टेपने चिकटवलंय. मी सांगितलं नव्हतं. परवा तिघांची विमानं शेपूट जड म्हणून उडताच उलटली, तेव्हा ही बाजूला बसून काहीतरी करत होती, मला वाटलं कंटाळलीय.

लहानपणी हडपसरला ग्लायडर बघत तासन् तास उभा राहायचो. पुढे कळलं की विमान शिकवताना इन्स्ट्रक्टर कंट्रोल घेतो तेव्हा मोठ्याने सांगतो, आय हॅव कंट्रोल, आणि शिकणारा म्हणतो, यू हॅव कंट्रोल. हे मीच पोरांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. आज मी बोललो नाही. घेतलं त्याचं एवढं नाही, न सांगता घेतलं, आणि वर टाळ्या तिच्या नावावर जाऊ दिल्या.

उद्याही घेईन कदाचित. पोरं उभी असतात मैदानावर, घ्यावंच लागतं. पण सांगून घेईन.

वारा सुटायच्या आत, सहाला, पहिलं फ्लाइट गार्गीचं लावलंय. उडायच्या आधी सगळ्यांसमोर सांगायचंय की आजचं लँडिंग कोणाचं होतं.