हबसाणातलं रान: फणसाड

अलिबागहून मुरूडकडे निघालं की उजव्या हाताला समुद्र आणि डाव्या हाताला डोंगर, अशी वाट आहे. रेवदंड्याची खाडी ओलांडावी, कोर्लई मागे टाकावं, काशीदच्या सुरूच्या बनापाशी गाड्यांच्या गर्दीतून वाट काढावी, डोंगराची रांग डावीकडून सोबत येतच राहते. फार उंच नाही, नाव घ्यावं असं सुळकं-शिखर नाही, त्यामुळे तिकडे मान वळवणारे थोडे. यंदा एप्रिलच्या सुरुवातीला मी मुद्दाम तिच्यासाठी गेले. नांदगावच्या बाजूने रस्ता आत वळतो आणि सुपेगावला पोचतो. तिथून फणसाड अभयारण्य सुरू होतं.

रायगड जिल्ह्यातलं हे पन्नास चौरस किलोमीटरहून मोठं जंगल १९८६ साली अभयारण्य झालं. पण ते राखलं गेलं त्याच्या कितीतरी आधीपासून. हा सगळा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दींचा. आफ्रिकेतून, हबश देशातून (आजच्या इथिओपियाकडून) आलेली ही माणसं. म्हणून त्यांच्या राज्याला मराठे हबसाण म्हणत. राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी पाण्यात उभा असलेला त्यांचा किल्ला शेवटपर्यंत कुणाला जिंकता आला नाही. १६८२ साली संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून तिथवर पोचण्याचा प्रयत्न केला, तोही तडीस गेला नाही. जंजिऱ्याचा इतिहास सांगताना आपण तोफा, तट आणि लाटा एवढंच सांगतो. मला वाटतं, त्यात किनाऱ्यामागचा हा डोंगरही यायला हवा. जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबांनी तो स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवला. बाकीच्यांना कुऱ्हाड चालवायला मनाई झाली आणि आजूबाजूचे डोंगर बोडके होत गेले तरी हे रान टिकलं. १९४८ साली संस्थान विलीन झालं, शिकारखाना गेला, जंगल मात्र उरलं. त्या काळी इथे वाघही होता. आता बिबट्या आहे.

सोबत सुपेगावचे एक काका होते. लहानपणापासून या रानात हिंडलेले. उजाडता उजाडता आम्ही आत शिरलो तेव्हा पहिली अर्धी वाट ते जवळजवळ गप्पच होते. ऐन, किंजळ, जांभूळ, कुडा अशी झाडं ओळखत मी मागून चालत होते. अंजनीला बहर आला होता. निळी-जांभळी फुलं थेट फांद्यांना चिकटून आलेली, पानांखालचं लाकूडच फुलल्यासारखं दिसत होतं. मग एका ओढ्याच्या काठी काका थांबले आणि म्हणाले, "ताई, ही गारंबी."

आधी ती वेल आहे हे पटेना. माणसाच्या मांडीएवढं जाड खोड जमिनीवरून सरपटत, स्वतःभोवती पीळ घालत एका झाडावर चढलं होतं, तिथून दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे नजरेला धरता येत नव्हतं. वरून शेंगा लोंबत होत्या, एकेक हातभर नव्हे, चांगली मीटरभर लांब. आतल्या बिया चपट्या, तपकिरी, गुळगुळीत, तळहातावर वजन जाणवणाऱ्या. या बियांचं कवच पाणी आत शिरू देत नाही. आत थोडी हवा असते, त्यामुळे ओढ्यातून वाहत त्या समुद्राला मिळाल्या की बुडत नाहीत. महिनोन् महिने तरंगतात आणि दूरच्या किनाऱ्यावर लागून रुजू शकतात. ही वेल आफ्रिकेतही आहे आणि आशियातही, ती अशा समुद्रप्रवासामुळेच. हबसाणातल्या डोंगरात ही वेल पाहताना मला फार आनंद झाला. ज्या समुद्राने सिद्दींची गलबतं आणली, त्याच समुद्राने हिचा वंशही किनाऱ्याकिनाऱ्याने पसरवला आहे.

पुढची वाट गाणीकडे. इथे पाणवठ्याला गाण म्हणतात: धरणाची गाण, चिखलगाण, फणसाड गाण. पावसाळ्यात या किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, पण खाली काळा कातळ आणि उतार समुद्राकडे, त्यामुळे बहुतेक पाणी काही तासांत खाडीत जातं. हिवाळा सरता सरता ओढे आटतात. कातळाच्या भेगांमधून जिथे पाझर टिकतो तिथेच गाण, आणि उन्हाळ्यात सगळ्या रानाचा जीव त्या थोड्या जागांवर. चिखलात सांबराचे खूर उमटले होते, रानडुकरांनी उकरलेली माती अजून ओली होती. बाजूला एक अगदी इवलासा खूर, माझ्या बोटाच्या पेरापेक्षाही लहान. "पिसोरी," काका कुजबुजले. आपल्याकडचं हे सगळ्यात छोटं, हरणासारखं दिसणारं खुरी जनावर, रात्री फिरणारं आणि दिवसा पाचोळ्यात विरघळून जाणारं. ते दिसलं नाही, पण खूर पाहूनही मी सुखावले.

शेकरू मात्र मनसोक्त दिसलं. आधी वरून खडखडाटी ओरडणं, मग तांबूस-पिवळी शेपटी एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर झेपावताना. आपला हा राज्यप्राणी जमिनीवर उतरायला नाखूश असतो. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं सगळं शेंड्यावर, म्हणून त्याला झाडाला झाड लागलेलं रान लागतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मुरूड-श्रीवर्धनच्या बागांबरोबर या डोंगरातलीही झाडं उन्मळली. काकांनी अशी एक मोकळी जागा दाखवली. पडलेली खोडं अजून तिथेच कुजत होती आणि उजेड मिळालेली रोपं कंबरेच्या वर गेली होती. दोन्ही कडांमधून एका वेलीने हवेतच दोर टाकला होता. "शेकरू आता यावरून जातं," काका म्हणाले. लागवडीची घाई न करता रानाला असा वेळ द्यावा, असं ती जागा पाहून माझं ठाम मत झालं.

फणसाडची गिधाडंही महत्त्वाची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या नव्वदच्या दशकापासून पंधराएक वर्षांत नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. कारण होतं गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. ते औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांचे मूत्रपिंड निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. रायगडच्या किनारपट्टीत जी थोडी गिधाडं तगली त्यांना इथे मेलेली गुरं आणून टाकली जातात. त्या जागेजवळ आम्ही गेलो नाही, जाऊही नये. माळावर बसून आकाश न्याहाळत होतो तेव्हा रुंद पंखांचा एक पक्षी उंच घिरट्या घालून दक्षिणेकडे निघून गेला. काकांनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं आणि "तेच" एवढंच म्हणाले.

त्या माळावरून पश्चिमेला समुद्राची पट्टी दिसते. तिथे बसल्यावर काका मोकळे झाले. अभयारण्य झाल्यावर आजूबाजूच्या गावांचं आणि ठाकूर-कातकरी वाड्यांचं सरपण, मध, चराई यांवर बंधनं आली. नबाबाची मनाई संपली आणि सरकारची सुरू झाली, असं जुनी माणसं म्हणत असत. त्यांच्या धाकट्या मुलाला मात्र पाहुण्यांना रान दाखवून थोडे पैसे मिळतात आणि वणवा दिसला की तोच आधी धावतो. माझ्या लेखी या डोंगराचं भवितव्य अशाच मुलांच्या हाती आहे. त्यामुळे इथे याल तेव्हा वाटाड्या गावातलाच घ्या, जेवण गावातच सांगा आणि मोठ्याने गाणी लावणारी मंडळी सोबत आणू नका.

पाहायला जायचं तर दोन काळ चांगले. मार्च-एप्रिलमध्ये पानगळीमुळे नजर लांबवर पोचते आणि प्राणी पाण्यावर येतात. जूनमध्ये पाऊस लागला की तिबोटी खंड्या हा छोटासा पक्षी येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. त्याच्या घरट्याजवळ कॅमेरा घेऊन बसणाऱ्यांमुळे पिल्लं उपाशी राहतात, तेव्हा तो दिसला तर लांबूनच पाहून पुढे चालू लागा.