चौदा ठोंब

दसऱ्यानंतरच्या रविवारी टेकडीवर गेले होते. पाण्याच्या टाकीपाशी वळले आणि तिथेच थबकले. सगळीकडे कुसळी गवत तांबूस व्हायला लागलं होतं आणि त्याच्या मधोमध बाटली धुवायच्या ब्रशासारखे गुलाबीसर, मऊ तुरे एका रांगेत डुलत होते. फाउंटन ग्रास, बागेतलं शोभेचं गवत, तेही हिरव्या पात्यांचं. जूनमध्ये ते मीच दिलं होतं.

पुण्यात मी बागांच्या देखभालीचं काम बघते, सोसायट्यांच्या आणि ऑफिसांच्या. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका ऑफिसच्या आवारातला शोभेच्या गवतांचा अख्खा पट्टा काढायचं ठरलं. तिथे गाड्या चार्ज करायची जागा होणार होती. ‘डंपरमध्ये भरा’ एवढाच निरोप आला. मी भांडून चार दिवस मागून घेतले, हवं त्याला ठोंब वाटून टाकायला.

मुळात इतकं गवत वाढून बसतं ते बागेच्या नकाशामुळे. हस्तांतराच्या दिवशी वाफा भरगच्च दिसावा म्हणून फूटफूट अंतरावर रोपं दाखवतात, म्हणजे चौरस मीटरला अकरा. दोन-तीन पावसाळ्यांत एकेक ठोंब दोन-अडीच फूट पसरतो, एकमेकांना दाबतो, मधून वाळतो. मग ‘मेंटेनन्स नीट नाही’ म्हणून बोलणी आम्ही खायची. नकाशा काढणारा तोवर पुढच्या कामावर गेलेला असतो.

गवत काढणं म्हणजे नुसतं उपटणं नाही. आधी पाती सुतळीने आवळून बांधायची आणि वीतभर ठेवून वर छाटायची. पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच, पात्यांच्या कडा करवतीसारख्या असतात. मग चहूबाजूंनी खणून पहारेने ठोंब उचलायचा. जुन्या ठोंबाचं गड्डं सुरीला दाद देत नाही, त्याला लाकडाची जुनी करवत लागते. मधला वाळका भाग फेकायचा, कडेचा जिवंत ठेवायचा, प्रत्येक तुकड्याला पाच-सात फुटवे हवेत. कापल्या कापल्या ओल्या गोणपाटात. मुळं अर्धा तास उन्हात राहिली की रोप लागेलच असं नाही. माझ्याबरोबरच्या दोन मावशी हे काम इतकं सुबक करतात की नर्सरीवाल्यांनी येऊन बघावं.

गवती चहा वीस मिनिटांत संपला, पिशव्या कमी पडल्या. जांभळ्या फाउंटन ग्रासला गिऱ्हाईक भरपूर. त्याची काळजीही नव्हती, त्यात रुजणारं बी जवळजवळ धरत नाही. अम्ब्रेला पाम, जे पाम नाहीच, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे, ते एका शाळेने सांडपाण्याच्या खड्ड्याकडेला लावायला नेलं. वाळ्याकडे मात्र कुणी बघेना. ‘हे तर साधं गवत,’ म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मुळशीकडचे एक शेतकरी आले, त्यांचा बांध दर पावसाळ्यात ढासळायचा. सगळा वाळा त्यांना दिला. उताराला आडवी ओळ धरा, दोन फुटव्यांत चार-पाच बोटांचंच अंतर ठेवा, हे दोनदा सांगितलं. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, तीन-तीन मीटरपर्यंत, म्हणून माती धरून राहते. तो टेम्पो गेला तेव्हा मला फार बरं वाटलं.

राहिलं हिरवं फाउंटन ग्रास. मूळ उत्तर आफ्रिकेकडचं. हवाई बेटांवर आणि ॲरिझोनात ते माळांवर पसरलंय, युरोपीय संघाने २०१७ मध्ये घातक परक्या जातींच्या यादीत घातलंय. बी वाऱ्यावर उडतं आणि जमिनीत सात वर्षांपर्यंत टिकू शकतं. वाळलेली पाती झट्कन पेटतात आणि आगीनंतर हेच गवत सगळ्यांच्या आधी फुटतं. हे मला माहीत होतं. तुरे छाटून, काळ्या प्लास्टिकखाली ठोंब कुजवायचं ठरवलंही होतं. पण चौथ्या दिवशी संध्याकाळी पाऊस आला, डंपरवाला हॉर्न वाजवत होता, आणि निवृत्त शिक्षक असलेले एक काका चौदा ठोंबांपाशी उभे राहून म्हणाले, “ताई, हे टाकू नका हो, जिवंत आहे.” कुठे लावणार, हे मी विचारलं नाही. फुटवे कसे करायचे ते मात्र नीट दाखवलं.

काका टेकडीवरच भेटले. दर रविवारी झाडांना पाणी घालणाऱ्या गटात असतात. “बघा, चौदाचे चाळीस केले,” त्यांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं. प्रत्येकाला पाच-सात फुटवे, अंतर बरोबर, एकही मेलेलं नाही.

मी सांगितलं. त्यांनी मध्येच थांबवलं नाही. मग म्हणाले, “तेव्हाच सांगायचं ना.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आम्ही त्याच दिवशी आधी तुरे कापून पिशव्यांत बांधले, हलवता बी सांडू नये म्हणून पिशवी वरून चढवून खाली कापायचं. पुढच्या रविवारी मावशींना घेऊन गेले, पहार घेऊन. काका प्रत्येक ठोंब मोजत होते.

“आता इथे काय लावायचं?” त्यांनी विचारलं.

“काहीच नको, काका. कुसळी आहे, पवन्या आहे, मारवेल आहे. ती आपली आपण येतात.”

त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. रिकामे खड्डे बघवत नव्हते त्यांना. टेकडीवर प्रेम करणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं, गवताळ माळ त्यांना ओसाड वाटतो आणि काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. त्यांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. मला माहीत असून मी दिलं, त्यांना तर माहीतही नव्हतं.

सदतीस निघाले. तीन कुठे लावले ते काकांना आठवेना, टाकीच्या मागच्या उतारावर असावेत म्हणतात. उंच गवतात शोधणं अवघड आहे. डिसेंबरात कुसळी वाळली की हिरवं वेगळं दिसेल, तेव्हा पुन्हा जाणार आहोत.