उबवणीची अंडी धुवावीत का? माझा अनुभव

इन्क्युबेटरमध्ये पहिल्यांदा अंडी लावली, तेव्हा मी 24 च्या 24 अंडी गार पाण्याच्या बादलीत भिजत घालून, चोळून स्वच्छ धुतली होती. काही अंड्यांना शीट चिकटलेली होती आणि अशी घाण उबदार, दमट पेटीत 21 दिवस राहिली तर पिल्लांना नक्कीच बाधेल, असे मला अगदी मनापासून वाटत होते.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्च धरून पाहिले, तेव्हा बहुतेक अंड्यांत लाल शिरांचे नाजूक जाळे दिसले आणि मी निर्धास्त झालो. तेराव्या दिवशी मात्र झाकण उघडताच कुजका वास आला. एका अंड्याच्या कवचावर काकवीसारखे चिकट, तपकिरी थेंब जमले होते. ते उचलून बाहेर नेत असतानाच माझ्या हातात फुटले. पेटीच्या आत फुटले असते, तर ती घाण शेजारच्या सगळ्या अंड्यांवर उडाली असती. शेवटी सातच पिल्ले बाहेर आली. राहिलेली अंडी मी एकेक करून फोडली. काहींत नुसते काळपट पाणी होते आणि काहींत पिसे फुटलेली, पण आतच मेलेली पिल्ले होती. ती पाहताना फार वाईट वाटले.

त्यानंतर मी याविषयी नीट वाचले. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि वाढणारे पिल्लू त्यांतूनच श्वास घेते. अंडे घातले जाते त्या वेळी कवचावर एक ओलसर थर असतो. तो लगेच सुकून ही छिद्रे बऱ्याच अंशी झाकतो आणि जंतूंना अडवतो. मी चोळून नेमका तोच थर काढून टाकला होता. त्याहून मोठी चूक पाण्याची होती, कारण अंड्यापेक्षा पाणी गार असले की आतला बलक आणि पांढरे आकसते आणि कवचावरची घाण पाण्यासकट छिद्रांतून आत ओढली जाते.

दुसऱ्या खेपेला मी एकही अंडे धुतले नाही. स्वच्छ अंडी तशीच लावली, किंचित मळलेली कोरड्या, मऊ कापडाने हलकेच पुसली आणि शीटेने माखलेली बाजूला काढली. तापमान पूर्वीसारखेच 37.5 अंश सेल्सिअस ठेवले. या वेळी 20 अंड्यांतून 15 पिल्ले निघाली आणि पेटीला शेवटपर्यंत वास आला नाही. दोन खेपांवरून नियम ठरत नाही हे मला मान्य आहे, पण फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता.

एकदाच मला धुण्यावाचून पर्याय उरला नाही. जिचा वाण टिकवायचाच होता, अशा कोंबडीची तीन अंडी चिखलात सापडली. ती मी आधी खोलीच्या तापमानाला येऊ दिली, मग सुमारे 43 अंशांच्या कोमट पाण्याच्या धारेखाली, न भिजवता, झटपट धुतली, लगेच कोरडी केली आणि साठवून न ठेवता त्याच दिवशी लावली. त्यांतल्या दोन अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. तरीही धुतलेली अंडी मी न धुतलेल्यांच्या पेटीत ठेवली नव्हती, आणि पुढेही ठेवणार नाही.

आता माझी मेहनत खुराड्यातच होते. अंडी घालण्याच्या खोक्यांतला भुसा ओला दिसला की लगेच बदलतो, कोंबड्यांना रात्री त्या खोक्यांत बसू देत नाही आणि अंडी दिवसातून तीनदा गोळा करतो. त्यामुळे बाजूला काढावे लागणारे अंडे क्वचितच निघते.