बिलातली पहिली ओळ

आमच्या गॅरेजच्या बिलावर पहिली ओळ छापलेलीच असते: तपासणी, ८०० रुपये. नव्या गिऱ्हाइकाचं बोट बरोबर तिथंच जातं. "मिस्त्री, नुसती वायर तर जोडली. त्याचे आठशे?" वायर जोडायचे साठच लावलेत, ते खालच्या ओळीत आहेत, असं मी दाखवतो. कुणी हसून पैसे देतं, कुणी पैसे देतं आणि परत येत नाही.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं गाड्यांच्या वायरिंगचं काम होतं. सेल्फ, डायनामो, हॉर्न, हेडलाइट. हत्यार म्हणजे एक टेस्ट लॅम्प. बल्ब किती पिवळा पेटतोय त्यावरून "अर्थ कच्ची आहे" असं सांगून मोकळे व्हायचे. आयटीआय करून २००८ मध्ये मी त्याच गाळ्याच्या अर्ध्या भागात गॅरेज टाकलं. तेव्हा काही जुन्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांत कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लगच्या) दोन पिना वायरच्या तुकड्यानं जोडल्या की चेक इंजिनची लाइट मिचकायची, ते मिचकणं मोजून कोड, म्हणजे बिघाडाचा नंबर काढायचा. २०११ मध्ये पतसंस्थेचं कर्ज काढून कोड वाचायचा पहिला स्कॅनर घेतला आणि बाहेर पाटी लावली, 'येथे कॉम्प्युटरवर गाडी चेक करून मिळेल'.

गर्दी वाढली, आणि इथंच मी बिघडलो. स्क्रीनवर ज्या सेन्सरचं नाव येईल तो सेन्सर बदलायचा, कोड उडवायचा, गाडी बाहेर. लागू पडलं तर मिस्त्री हुशार, नाही पडलं तर "माल डुप्लिकेट निघाला". वर स्पेअरच्या दुकानातून कमिशन. गॅरेजचं पोट त्या कमिशनवरच चालतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. पार्ट जेवढा महाग तेवढी आमची कमाई जास्त. मग फॉल्ट शोधायला तीन तास कोण घालवणार?

२०१४ च्या उन्हाळ्यात कागलचा एक टुरिस्टवाला आला. डिझेल सेडान, हप्ते चालू. पुण्याला जाताना चढाला पिकअप जायचा आणि गाडी बंद पडायची. कोड पी००८७, म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला) डिझेलचा दाब कमी. दाब कोण तयार करतं? हाय-प्रेशर पंप. बदलला. जुना पंप एक्स्चेंजमध्ये दिला, दुरुस्त केलेला घेतला, सगळे मिळून २८,००० रुपये. तिसऱ्या दिवशी पेठ नाक्यावरून त्याचा फोन आला. तोच कोड, गाडीत चार पॅसेंजर, त्यातल्या दोघांचं विमान.

गाडी टो करून आणली आणि त्या रात्री पहिल्यांदा मी मीटर हातात घेऊन मागच्या सीटखाली शिरलो. डिझेल पुढच्या हाय-प्रेशर पंपाकडं ढकलणारा एक पंप टाकीत असतो, त्याच्या कपलरमधली एक पिन जळून काळी पडली होती. इंजिन चालू असताना या पंपाला १३-१४ व्होल्ट मिळायला हवेत, मिळत होते ९. मागून डिझेलच पुरेसं येत नव्हतं, तर पुढचा पंप बिचारा दाब आणणार कुठून? कपलर बदलला, ३५० रुपयांत गाडी उभी राहिली. लावलेला पंप दुकानदार परत घेईना, आणि जुना चांगला पंप तर आम्हीच देऊन बसलो होतो. ते २८,००० मी त्याला चार हप्त्यांत परत केले. हिशेब बायको ठेवते. तिनं वहीत त्यासाठी वेगळं पान केलं आणि वर लिहिलं, 'न बघता केलेलं काम'.

तेव्हापासून पद्धत बदलली. कोड हा पत्ता आहे, गुन्हेगाराचं नाव नाही. त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवावं लागतं. कोड लिहून घेतल्याशिवाय आणि फ्रीझ फ्रेम बघितल्याशिवाय उडवायचा नाही. कोड पडला त्या क्षणी स्पीड किती, इंजिन किती गरम, लोड किती हे ईसीएमनं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरनं, तिथं जपून ठेवलेलं असतं, कोड उडवला की तेही गेलं. (फोनवर चालणारं स्वस्त ॲडॅप्टर आल्यापासून लोक घरीच कोड उडवून येतात आणि म्हणतात, "परवापर्यंत लाइट होती हो." पुरावा पुसून पोलिसात यायचं, तसं.)

एक उदाहरण मुद्दाम सविस्तर सांगतो. पेट्रोल हॅचबॅक, कोड पी०१७१, मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. दुसऱ्या एका गॅरेजनं ऑक्सिजन सेन्सर (मिश्रण कसं आहे ते धुरावरून सांगणारा) बदलला होता, लाइट परत आली, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा महागडा डबा, बदलायचं कोटेशन दिलं. आम्ही आधी सेन्सरची परीक्षा घेतली. हवेच्या वाटेनं थोडा कार्ब क्लीनर फवारला, तर ०.१ व्होल्टवर बसलेला सेन्सर झटक्यात ०.८ वर गेला. म्हणजे सेन्सर जिवंत होता, मिश्रण खरंच पातळ होतं. मग फ्युएल ट्रिम बघितला, म्हणजे ईसीएम पदरचं किती टक्के पेट्रोल वाढवून देतोय तो आकडा. आयडलला, म्हणजे रेस न देता, २४, आणि २५०० आरपीएमला ६. पेट्रोलचा पंप कमी पडत असता तर रेस केल्यावर आकडा सहसा चढला असता. हा उतरला. कुठूनतरी चोरटी हवा शिरत होती. थ्रॉटल (हवेची झडप) बंद असताना ती मोठी वाटते, थ्रॉटल उघडला की खऱ्या हवेच्या लोंढ्यात तिचं काही चालत नाही. गाडीला आत येणारी हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर होता म्हणून हा हिशेब बसला. मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून हवा काढणाऱ्या सेन्सरवर, चालणाऱ्या गाडीला तो असाच लावायला जाल तर फसाल.

हवा शोधायला आमच्याकडे धुराचं मशीन आहे, उद्यमनगरातच डबा वेल्ड करून बनवलेलं. आत जुना ग्लो प्लग (डिझेल इंजिन तापवायची कांडी) आणि मिनरल ऑइल, कॉम्प्रेसरच्या हवेला रेग्युलेटर, दाब १ पीएसआयच्या आत. इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत, धूर सोडला आणि दोन मिनिटांत मॅनिफोल्डच्या पोटाखालून पांढरा दोरा वर आला. पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणाऱ्या, नळीला खालच्या बाजूनं चीर. वरून हात फिरवला तरी कळली नसती. नळी १८० रुपयांची. कन्व्हर्टरचं कोटेशन मालकानं तिथंच फाडलं.

२०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी गावात शिरलं. पाणी उतरल्यावर गाड्या आल्याच, पण खरा त्रास सहा-आठ महिन्यांनी सुरू झाला, कपलरमधलं तांबं हिरवं पडल्यावर. एका गाडीला सहा कोड, सहा वेगळ्या सेन्सरचे. मालकाला ईसीएम बदलायला सांगितलं होतं, चाळीस हजारांच्या पुढं. एवढे सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. त्यातल्या बऱ्याच जणांना ईसीएम एकाच ५ व्होल्टच्या लाइनवरून पोसतो. मीटर लावला तर ती लाइन ०.४ वर. मग एकेक कपलर काढत गेलो, पोऱ्या मीटरवर नजर ठेवून. पाचवा कपलर एसीच्या प्रेशर सेन्सरचा. तो काढताच पोऱ्या ओरडला, "पाच आले!" इंजिनाशी ज्याचा फारसा संबंध नाही, असा समोरचा सेन्सर आतून गंजून सगळ्यांचे व्होल्ट खाली ओढत होता. उंदरांनी खाल्लेल्या वायरींबद्दल लिहायला बसलो तर रात्र पुरायची नाही.

८०० ची ओळ बायकोची. तिनं एका महिन्याची वही समोर ठेवली. ज्या दिवशी आम्ही सगळ्यात जास्त डोकं चालवलं, त्या दिवशीचा गल्ला सगळ्यात कमी. "नळी १८० ची आणि तुमचे तीन तास कुणाच्या खात्यात?" २०१६ पासून फी घेतो. फॉल्ट सापडला नाही तर घेत नाही. तसंही होतं. एक गाडी तीन दिवस ठेवून, हात जोडून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली. कधीकधी पार्टच गेलेला असतो, मग आम्हीही महागडा पार्ट लावतो, पण जुना पार्ट आणि मीटरचे आकडे समोर ठेवून. पहिल्या वर्षी उत्पन्न पडलं. स्पेअरवाल्यानं विचारलंसुद्धा, "दुसरं दुकान धरलं काय?"

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराचे नवे नियम आले, डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी आली, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या गाड्या काजळीनं तुंबून यायला लागल्या. त्यातल्या काहींना कागलच्या पुढं हायवेवर अर्धा तास एका स्पीडनं पळवणं एवढंच औषध पुरतं. त्याची फी लावताना मात्र अजून माझी जीभ अडखळते.

तो कागलवाला आजही येतो. आता त्याच्याकडं दोन गाड्या आहेत. त्याचं बिल करताना पहिली ओळ मी पेनानं खोडतो. तो बघतो, काही बोलत नाही, खालचे पैसे मोजतो आणि चहा सांगतो.