दोन अक्षरांचं नाव

शुक्रवार, रात्री

आज भाचीला पाहिलं. सहाव्या दिवशी. फोनवर बघून बघून तिचा चेहरा पाठ झालाय असं वाटत होतं, पण प्रत्यक्षात ती फोटोतल्यापेक्षा कितीतरी लहान निघाली. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत मावते. झोपेत मधेच कपाळाला आठ्या घालते, तेव्हा हुबेहूब माझा धाकटा भाऊ दिसतो.

सकाळी कोल्हापुरातून बेळगावची एसटी धरली. बायकांचं अर्धं तिकीट महाराष्ट्राच्या हद्दीपुरतंच, पुढं पूर्ण. दूधगंगा ओलांडली की कोगनोळीला पाट्यांची लिपी बदलते. तवंदी घाटात धुकं एवढं होतं, की पुढच्या ट्रकचा फक्त लाल दिवा दिसत होता. वहीच्या मागच्या पानावर मी बावीस नावं लिहून आणली होती. घाट उतरेपर्यंत त्यातली पंधरा खोडली.

नाव ठेवायचा मान आत्याचा. तो मला किती दिवसांपासून हवा होता ते माझं मलाच ठाऊक. पण नुसतं गोड नाव मला नको आहे. आमच्या बेळगावात नाव दोन लिप्यांत जगतं. घरी मराठी, कागदावर कन्नड, आणि कन्नडावरून इंग्रजी. माझ्या नावाचं शेवटचं अक्षर आपण मराठीत लिहितो पूर्ण, म्हणतो अर्धं. कन्नडात जे लिहिलं ते पूर्ण वाचतात. कोमलची कोमला होते, तशी शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावाच्या शेवटी एक जादा ‘आ’ चिकटला आणि तो आजवर सुटला नाही. लग्नानंतर पासपोर्ट काढताना दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. प्रतिज्ञापत्र करा, नोटरीचा शिक्का आणा, वर्तमानपत्रात जाहिरात द्या. एका कचेरीत खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, “ह्या दोन बाया एकच कशावरून?” मी आई-बाबांना काही म्हणाले नाही, पण त्या दिवशी घरी येऊन रडले. ही पोर तशा खिडकीपुढं उभी राहू नये, एवढंच मला हवंय.

म्हणून जोडाक्षरं खोडली. अकारान्त नावं सगळी खोडली. ‘ज’ आणि ‘च’ असलेलीही, कारण आपला जहाजातला ज आणि जीवनातला ज वेगळा, तो फरक पलीकडे नीट पोचत नाही. उरली सात.

बेळगावात उतरून जांबोटीच्या गाडीत बसले. शेजारच्या बायकांनी आधार दाखवलं आणि कंडक्टरनं त्यांना शून्याचं तिकीट दिलं. 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी गाडी फुकट आहे, पण पत्ता इथला लागतो. माझ्या आधारवर आता कोल्हापूर. मी पैसे काढून दिले. ज्या गावात जन्मले, वाढले, तिथं पाहुण्याचं तिकीट. थोडं टोचलं.

भावजयीचं माहेर जांबोटीच्या अलीकडं, कौलारू घर, पुढं भाताची खाचरं. लावणीचे दिवस असल्यानं दारात कुणीच नव्हतं. तिच्या आईला मी मावशीच म्हणते. त्यांनी उंबऱ्याबाहेरच थांबवलं. “भिजून आलीस की गे! आधी हातपाय धू, घटकाभर बस, मग आत जा. ती शेक घेऊलाली हाय.” तांब्यात ऊन पाणी होतं. दहा मिनिटं सोप्यावर बसून राहिले. इतकी लांबची दहा मिनिटं आयुष्यात फार थोडी.

बाळंतविडा पोचवला. डिंक, खारीक, खोबरं, अळीव, सुंठ, बाळंतशोपा, सहा झबली, दोन टोपरी. शिवाय आईनं बेळगावातल्या शहापूरहून पाठवलेलं दुपटं. आईला गुडघ्यांमुळं जिना उतरवत नाही, पण तिनं तिच्या शहापुरी लुगड्याचे चार पदर घालून हातानं दोरे भरलेत. धुऊन धुऊन लुगडं इतकं मऊ झालंय की हाताला कापड लागतच नाही. भावजयीनं ते नाकाशी धरलं आणि म्हणाली, “ताई, आईंच्या कपाटाचा वास येतोय.”

पोरगी झाली तेव्हा भावानं फाउंड्रीत काय वाटलं, विचारलं. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, ही जुनी रीत. त्यानं कुंदा वाटला. म्हणाला, “बेळगावची पोर आहे, कुंदाच पाहिजे.” मला फार बरं वाटलं.

शनिवार, दुपारी

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. लंगोट वाळत नाहीत. मावशी शेगडीत निखारे घालून त्यावर बांबूची पाटी उपडी टाकतात आणि पाटीवर एकेक लंगोट पसरतात. वर ओव्याची, वेखंडाची चिमूट. सगळ्या खोलीला तो वास आहे आणि बाळालाही तोच.

सकाळी न्हाऊ घालायला अव्वा आली. कन्नडात अव्वा म्हणजे आई, तिला सगळे तेच म्हणतात. मूळची बैलहोंगलकडची, लग्न होऊन इकडं आली त्याला चाळीस वर्षं झाली असतील. मराठी सगळं कळतं, बोलते कन्नडातच. पाटावर पाय लांब करून बसली आणि पोरीला नडग्यांवर पालथं घातलं. खोबरेलाचा तळवा आधी स्वतःच्या गालाला लावून ऊन बघितला, मग पाठीवरून फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत. पोर किंचाळायची थांबली. गुडघ्यामागची वळी, काखा, बोटांच्या बेचक्या, कुठली म्हणून जागा सोडली नाही. ह्या हातांना काही सांगावं लागत नाही. मी पाणी घालत होते आणि ती बेंबीकडं बोट दाखवून नको म्हणत होती. नाळ अजून पडली नाही, ती कोरडी ठेवायची. मग पुसून अंगावर घेतलं आणि “कूसु, कूसु” करत राहिली. कन्नडात कूसु म्हणजे तान्हं मूल. आपल्याकडं कूस म्हणजे जिथून ते आलं ती. असे शब्द इथं पावलोपावली. दवाखान्यातून मिळणाऱ्या गरोदरपणाच्या पुस्तिकेला कन्नडात तायी कार्ड म्हणतात, तायी म्हणजे आई. आमच्या घरात सगळे त्याला ताई कार्डच म्हणतात.

अकराच्या सुमाराला आशा कार्यकर्ती आली, सातव्या दिवसाची भेट. तिनं दाराच्या चौकटीला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि झोळीत पोरीला ठेवलं. दोन किलो सहाशे. जन्मताना दोन सातशे होती. मावशींचा चेहराच उतरला, “दूध पुरत नाही काय?” त्या बाईनं पोरीला आईच्या छातीशी लावून नीट बघितलं, दिवसाला लंगोट किती भिजतात ते विचारलं, मग शांतपणे समजावलं की पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचं वजन थोडं उतरतं, दहा-पंधरा दिवसांत भरून येतं. मावशींनी सहाण मांडून ठेवली होती, मुरडशेंग, हिरडा, जायफळ. ती म्हणाली, सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नाही, मध नाही, पाणीसुद्धा नाही. मावशींनी चार बाळंतपणं त्याच सहाणेवर काढलीत. काही बोलल्या नाहीत. सहाण उचलून फडताळात उभी करून ठेवली. मला त्यांचं कौतुक वाटलं. वाद घालणं सोपं होतं.

जन्माची नोंद दवाखान्यातूनच झाली आहे, नावाची जागा मोकळी. वर्षभरात विनाशुल्क नाव घालता येतं. भावाला बजावून ठेवलंय, अर्ज मी भरणार. शाळेत शिकलेलं कन्नड अजून हातात आहे. अक्षर न् अक्षर मी लिहीन.

रविवार, परतीच्या गाडीत

नाव बारशापर्यंत फोडायचं नसतं, म्हणून घरात कुणाला विचारता येईना. पण आज न्हाणं झाल्यावर अव्वा परसात तंबाखू मळत बसली होती. तिच्याजवळ जाऊन बसले. माझ्या मोडक्या कन्नडात विचारलं, उमा नावाची कुणी तुझ्या ओळखीची आहे का. मला फक्त तिच्या तोंडून ते ऐकायचं होतं. दोनच अक्षरं, जोडाक्षर नाही, शेवटी पूर्ण ‘आ’. मराठीत उमा, कन्नडात उमा, इंग्रजीत तीन अक्षरं. कुठंच काही चिकटायला जागा नाही.

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग आतल्या खोलीकडं पाहिलं, आणि हसली. “उमव्वा,” ती म्हणाली. “छलो हेसरु.” चांगलं नाव.

उमव्वा. मी एवढी खोडाखोड केली आणि पहिल्याच माणसानं त्याला पुढं अव्वा जोडली. इथं यल्लव्वा असते, गंगव्वा असते, लेकीबाळींना आईच म्हणायची रीत आहे. मला राग यायला हवा होता, आला नाही. कागदावरचा तो जादा ‘आ’ ज्यानं लिहिला त्यानं माझं तोंडही पाहिलं नव्हतं. हिनं सकाळीच त्या पोरीची बोट न् बोट पुसली होती. मी तिला परत एकदा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं, आणि ओठांवर बोट ठेवून कुणाला सांगणार नाही अशी खूण केली.

निघताना पोर जागी होती. तिच्या कानाशी तोंड नेलं आणि काही न बोलता मागं घेतलं. गुरुवारी पाळण्यात घालून, कुर्रर्र करून सांगायचं.

बुधवारी संध्याकाळीच शहापुरात मुक्कामाला यावं लागेल. घुगऱ्यांचे हरभरे आई भिजत घालणार आहे. काळ्या मण्यांच्या मनगट्या घेतल्या, करदोटा घ्यायचा राहिलाय.